भिंतीची ढवळाढवळ

ज्यांचे वजन एक, विद्राव्यता एक, विद्युत्भारही एक, आणि भेद काय तो आरशातल्या प्रतिमेचा, अशा दोन रेणूंना विजेच्या ओढीने वेगळे काढण्याचा उद्योग वरकरणी व्यर्थ वाटावा असाच आहे. परंतु नागपूरच्या मिहानमधील औषधनिर्मितीच्या परिसरात तो टाळता येत नाही. नागपुरी संत्र्याच्या सालीत लिमोनीनचे एक रूप ठासून भरलेले असते आणि त्याचे प्रतिबिंब पाइनवर्गीय वृक्षांच्या तेलात आढळते. निसर्गाचा हा कटाक्ष शरीरही पाळते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनचा गुण मुख्यत्वे ‘एस’ रूपात असतो. पुण्याच्या एम्क्युअर कंपनीने केवळ त्या रूपाची गोळी बाजारात आणली, आणि अशा गोळीत त्याच्या प्रतिबिंबाचा, म्हणजे ‘आर’चा, शिरकाव किती झाला याची रुजवात कोणीतरी घालावीच लागते.

त्यासाठी ज्या द्रावणातून विजेच्या ओढीने रेणू धावतात त्यात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन मिसळतात. ग्लुकोजच्या सात घटकांचे हे कडे स्वतःच एकांगी घडणीचे असल्यामुळे दोन रूपांपैकी एकाला अधिक वेळ धरून ठेवते, आणि ते मागे पडते. ग्रंथकार सारे श्रेय या कड्याला देतात. माझा कल मात्र भिंतीकडे आहे. 50 मायक्रॉन पोकळीच्या सिलिकेच्या केशनलिकेत भिंतीवर ऋणभार असतो. धनभारित औषध तिला चिकटते, आणि सबंध द्रावणच कोणाच्या हुकुमावाचून वाहू लागते. आम्ल द्रावणात हा उपद्रव मंदावतो, संपत नाही. उप्सालाच्या स्टेलान येर्टेन यांनी 1985 साली नलिकेच्या आतून पॉलिॲक्रिलामाइडचा सूक्ष्म लेप बसवून भिंतीचा हा अंमल मोडून काढला.

लेपाची मर्जी मात्र सांभाळावी लागते. उघड्या नलिकेवर हात बसलेला माणूस सवयीने कॉस्टिकने धुतो, आणि तोच क्षार लेपाचे विघटन करतो. नुकसान त्या दिवशी दिसत नाही, पुढे आलेखातील शिखरांच्या वेळा सरकू लागल्या म्हणजे दप्तरातील जुने आलेख काढून कैफियत देत बसावे लागते.

लेपाचा खरा लाभ दोन रूपांच्या येण्याचा क्रम ठरवताना कळतो. ‘आर’ मागाहून येत असेल, तर त्याचा इवलासा उंचवटा ‘एस’च्या लांबलेल्या शेपटीखाली दडतो, आणि हजारांत एक असा अंश मोजण्याची गोष्टच उरत नाही. अशा वेळी ऋणभारित सायक्लोडेक्स्ट्रिन घेऊन यंत्राचे ध्रुव उलटे करावेत: ‘आर’वरची पकड याही कड्यात अधिक असेल, तर ज्या बंधनामुळे तो मागे पडत होता तेच त्याला आता पुढे खेचते, आणि भिंतीचा प्रवाह आडवा येत नसल्यामुळे तो ‘एस’च्या आधी, स्वच्छ रेषेवर उमटतो.