मांजरसुंब्याच्या नाक्यावर

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की पालीजवळचे बिंदुसरेचे धरण मागे पडते, घाट लागतो आणि घाट चढून गाडी मांजरसुंब्याला येते. बालाघाटाच्या डोंगरावरचे हे गाव म्हणजे चार वाटांचा नाका. एक वाट बीडची, एक सोलापूरची, एक पाटोदा-जामखेडवरून अहिल्यानगरची आणि एक केज-अंबाजोगाईची. कपिलधारचा धबधबा इथून जवळच. पावसाळ्यात त्याला पाहायला लोक गर्दी करतात. पण आपल्या माणसांना हा नाका वेगळ्याच कारणाने पाठ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या इथूनच बाहेर पडतात. भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरे, सगळा संसार एका ट्रॉलीत.

गेल्या हंगामाच्या तोंडावर आम्ही या नाक्यावर एका हॉटेलात बसलो होतो. सोबत आमची अक्का आणि जपानहून सुट्टीवर आलेला भाचा. अक्काने बारा हंगाम कोयता चालवला. पोरगा गावी आजीजवळ राहून शिकला, पुण्यात जपानी भाषा शिकला आणि आता जपानच्या निगाता भागात परदेशी पाहुण्यांचा वाटाड्या आहे. पाहुण्यांना दाखवतो काय, तर गावोगावचे साकेचे कारखाने. साके म्हणजे तांदळाची दारू.

हे कळताच अक्काने रबडीची वाटी बाजूला सारली. "पाचवं शील घेणारं घर आपलं. अन् तू लोकांना दारू दाखवीत फिरतोस?"

"माय, मी थेंब घेत नाही," भाचा म्हणाला. "शेवटी पाहुणे चव घेतात, तेव्हा गाडी हाकणाऱ्याला तिथला कायदाच घेऊ देत नाही. मी कारखान्याच्या विहिरीचं पाणी पितो, नाहीतर तांदळाची गोड पेज. तिच्यात दारू नसते. मी दाखवतो ते काम."

मग त्याने आम्हाला बसल्या जागी कारखाना फिरवून आणला. पाहुण्यांना पहिली सूचना अशी, की सकाळी नात्तो खाऊन येऊ नका. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. त्याचे जंतू कारखान्यात शिरले, तर तांदळावर वाढवलेली कोजी नावाची बुरशी बिघडते. दारावर सुगी झाडाच्या पाल्याचा मोठा गोळा टांगलेला असतो. हिरवा गोळा टांगला, की नवी साके तयार झाली असे समजायचे. पुढे तो वाळून तपकिरी होत जातो. आत तांदूळ घासून बारीक करतात. उंची साकेसाठी दाण्याचा निम्मा भाग घासून काढतात. मग धुणे, भिजवणे, वाफवणे. कोजीची खोली उबदार ठेवून दोन दिवस तांदूळ हाताने वर-खाली करतात, रात्रीसुद्धा उठून. त्यानंतर मोठ्या टाक्यांत तीन-चार आठवडे आंबवण. हे सारे थंडीत, कारण थंडीत आंबवण धिम्या चालीने होते.

"एवढं राबतं कोण?" अक्काने विचारले.

खरी गोष्ट इथे सुरू झाली. निगातात बर्फ इतके पडते, की हिवाळ्यात शेती बंद. पूर्वी तिथले शेतकरी टोळ्या करून सहा-सहा महिने साके करायला जात. टोळीच्या प्रमुखाला तोजी म्हणतात.

"म्हणजे मुकादम."

"नाही माय. मुकादम उचल वाटतो अन् कोयते मोजतो. तोजी भांडी धुण्यापासून चढत गेलेला कारागीर असतो. साके बिघडली तर जबाबदार तो, चांगली झाली तर नाव त्याचं."

या तोजींनी आपापल्या भागात संघ बांधले, कोवळ्या पोरांना काम शिकवायची सोय केली. आता पुष्कळ कारखान्यांत कायमचे नोकर आहेत, बायकाही तोजी झाल्या आहेत. पूर्वी बायकांना कोठारात पाऊलही टाकू देत नसत. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने या कारागिरीची नोंद मानवजातीच्या वारशात केली.

अक्काने पुढचा प्रश्न केला, जो कोणा पाहुण्याने त्याला आजवर विचारला नव्हता. "त्यांची लेकरं कुणाजवळ राहायची?"

"घरी, आईजवळ. गडी एकटे जात."

अक्का गप्प झाली. आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. नाव नाही, नुसता कोयता. लेकरू फडातच वाढते, नाहीतर आजीच्या गळ्यात पडते. आता हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, पण सगळ्या लेकरांच्या वाट्याला ती येत नाहीत. आणि दारूचे म्हणाल, तर साखर कारखान्याच्या मळीपासून दारू होतेच. तिच्या बाटलीवर ऊस तोडणारीचे नाव कुणी पाहिले आहे?

"तुझे गोरे पाहुणे इथं आण," अक्का एकाएकी म्हणाली. "मी सांगते त्यांना. पहाटे चारला भाकरी थापायच्या. बुडातून ऊस तोडायचा, शेंडा छाटायचा, वाढं वेगळं काढायचं. मोळी बांधून डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी दवानं ओली असली की पाय कसा धरायचा, हे कोणत्या पुस्तकात आहे?"

भाच्याने खिशातून वही काढली. "माय, हळू सांग." तो लिहू लागला. तेवढ्यात केजकडून एक ट्रॉली आली, नाक्यावर थांबली आणि जामखेडच्या वाटेने वळली. मागे बसलेल्या एका मुलीने आमच्याकडे पाहून हात हलवला. अक्कानेही हात हलवला आणि ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत ती बोलली नाही.

वाचकहो, दारू कोणतीही असो, आपल्याला ती नको. पण तोजींनी केले ते घेण्यासारखे आहे. ते एकत्र आले, आपले काम नावानिशी जगापुढे मांडले आणि ते पुढच्या पिढीला शिकवले. आपल्या घरात ज्यांनी कोयता चालवला, त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. त्यांचे काम त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, वर त्यांचे पूर्ण नाव घाला. अक्काची वही त्या दिवशी नऊ पानांची झाली. रबडी तशीच राहिली.