बपेऱ्यास तीन रात्री

पुण्यास आमचें बिऱ्हाड पुष्कळ वर्षें लष्कराच्या बाजूस आहे, आणि पहांटे फिरावयास जाण्याची आमची वाट रेसकोर्साच्या कडेनें जाते. घोड्यांवर पैसे लावण्याचा नाद आम्हांस नाहीं; घरांतील वडील मंडळींनीं तो लागूंही दिला नसता. परंतु पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यांत येतो, आणि आषाढ-श्रावणाच्या झिमझिम पावसांत सकाळची दौड आटोपून घोडे परतूं लागले म्हणजे त्यांचे मोतद्दार काय करतात तें पाहत उभें राहण्याची खोड आम्हांस जडली, ती जडलीच. घोडा थांबतो न थांबतो तोंच मोतद्दार उकिडवा बसतो आणि गुडघ्याखालचा पाय तळहातानें वरून खालीं चाचपतो. घोड्याच्या गुडघ्याखालीं मांस म्हणून नसतेंच. हाड, कातडें आणि दोरखंडासारख्या ताठ कंडरा. या कंडरांतून रक्त थोडें फिरतें, म्हणून एकदां दुखावलेली कंडरा भरून यावयास महिन्यांचे महिने लागतात. सूज दिसण्याच्या आधीं त्या जागीं ऊब येते. ती ऊब हाताला कळली तर घोडा चार दिवस उभा राहतो. न कळली तर हंगाम गेलाच, पण कधीं कधीं घोडाही जातो.

हें सारें आज आठवण्याचें कारण घोडा नव्हे, बैल आहे. आणि स्थळ पुणें नव्हे, तर भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोंकाचें बपेरा हें गांव आहे.

आमचा पुतण्या नागपुरास पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकतो. त्याच्या एका सहाध्यायाचें घर बपेऱ्यास. संक्रांतीनंतर शेजारच्या गांवीं शंकरपट आहे, काकांना घेऊन ये, असें त्या घरचें आग्रहाचें बोलावणें आलें. "शर्यतच पाहावयाची तर रेसकोर्स दारांत आहे, त्यासाठीं हजार किलोमीटर कशाला?" अशी शंका घरांतून निघाली. तिला उत्तर नव्हतें, म्हणून आम्ही लगेच निघालों.

नागपुराहून हावड्याच्या लोहमार्गानें तुमसर रोडपर्यंत आगगाडी, आणि पुढें तुमसर गांवांतून सिहोऱ्यावरून मोटारीचा रस्ता. तुमसर म्हणजे धानाची पेठ. हवेंत कोंड्याचा वास भरलेला. उत्तरेस चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत, पण या रस्त्यानें जाणाऱ्यास खाण दिसत नाहीं. दिसतात तीं तळीं, बांध, आणि कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्या. कापणीपूर्वींच ओल्या बांध्यांत फेकून दिलेली लाखोळी आतां निळसर फुलांवर आलेली होती. पुतण्यानें तिच्याकडे बोट दाखवून सांगितलें, कीं ही डाळ माणसानें दुष्काळांत पोटभर खाल्ली तर पाय लुळे पडतात, आणि घोड्यांना तर ती फारच बाधते. पायांबरोबर त्यांच्या कंठाच्या नसाही जातात आणि घोडा धावतांना घोरूं लागतो. ज्या जिल्ह्यांत घोड्याचें वैर असें शेतांतच उगवतें, तेथें बैलानें शर्यतीचा मान घेतला हें एका दृष्टीनें ठीकच झालें, असें आमच्या मनांत येऊन गेलें.

बपेऱ्याजवळून बावनथडी नदी वाहते आणि पुढें वैनगंगेस मिळते. पैलतीर मध्यप्रदेशांतला. गांवांत मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्ही बोली एकाच ओसरीवर ऐकूं येतात. आमचे यजमान सत्तरीच्या घरांतले, सडपातळ, थोडें बोलणारे. चहा झाल्याबरोबर त्यांनीं आम्हांस घर न दाखवितां कोठा दाखविला. जोडी पांढरी, उंच, सडसडीत पायांची, गौळाऊ रक्ताची. वर्धा-नागपुरापासून शिवनी-बालाघाटापर्यंतची ही जात चालीला हलकी म्हणून नांवाजलेली. मराठ्यांच्या फौजांचें सामान झपाट्यानें हलविण्यास हीच उपयोगी पडे, असें सांगतात. डावा बैल शांत, उजवा जरा रागीट. या जोडीवर केवळ यजमानांची हौस अवलंबून नव्हती. बालाघाटकडील एक गृहस्थ ती पटांत धावतांना पाहून विकत घेणार होते, आणि नातीच्या लग्नाचा बराचसा खर्च त्या किंमतीवर मांडलेला होता. हें आम्हांस यजमानांनीं नव्हे, माजघरांतून त्यांच्या सूनबाईंनीं सांगितलें.

हंगामांत बैलाची निगा कशी राखतात हें त्या पहिल्या रात्रीं आम्हीं डोळे भरून पाहिलें. पहांटे नदीच्या वाळूंतून चाल, दिवस वर आल्यावर अंग चोळणें, दुपारीं सावली, आणि संध्याकाळीं मोजकी ढेप, भिजविलेला हरभरा, पुढ्यांत तणीस. जुवाखालचा खांदा रोज हातानें दाबून पाहावयाचा, कारण खांदेसूज आली कीं बैल मान टाकतो. खुराच्या बेचक्यांत खडा अडकला आहे का हें दिव्याच्या उजेडांत पाहावयाचें. पुण्याच्या मोतद्दाराचा खरारा आणि येथील तणसाचा बोळा यांत फरक किंमतीचाच, हात तोच.

फरक आहे तो पोटांत. घोड्याचें पोट लहान, पंधरा लिटरांच्या आंतलें. त्याला चंदी थोडी थोडी आणि पुष्कळदां द्यावी लागते, आणि ओकारी त्याला येत नसल्यामुळें एका वेळचें अजीर्ण त्याच्या जिवावर बेततें. बैलाचें पोट चार कप्प्यांचें. मोठ्या बैलाचा पहिला कप्पाच शंभर लिटरांच्या घरांत जातो. तेथें चारा सूक्ष्म जंतू कुजवितात, आणि दिवसांतून सात-आठ तास रवंथ केल्यावांचून बैलाचें अन्न अंगीं लागत नाहीं. त्या जंतूंना तणसाची संवय. एकाएकीं त्यांच्यावर गव्हाची किंवा मक्याची रास ओतली, तर पोटांत आंबोण माजतें, आणि त्या आम्लाचा घाला शेवटीं पोटावर न पडतां खुरांवर पडतो. शक्ति यावी म्हणून चारलेलें धान्य बैलाला पायांत लंगडें करतें! पुतण्यानें हें व्याख्यान जेवणाच्या पाटावर दिलें. यजमानांचे धाकटे चिरंजीव त्या वेळीं मान खालीं घालून भात कालवीत होते; त्याचा अर्थ आम्हांस दुसऱ्या रात्रीं कळला.

दुसऱ्या रात्रीं, म्हणजे पटाच्या आदल्या रात्रीं, आम्हांस जाग आली तेव्हां यजमान कोठ्याच्या दारांत कंदील न लावतां उभे होते. आम्ही जवळ गेलों. "ऐका जी," एवढेंच ते म्हणाले. आम्हांस कांहींच ऐकूं आलें नाहीं. थोड्या वेळानें ध्यानीं आलें, कीं ऐकूं न येणें हीच गोष्ट ते ऐकत होते. डाव्या बैलाचा रवंथाचा संथ आवाज चालू होता. उजव्या बाजूस शांतता होती. चाळीस वर्षें त्या आवाजाच्या सोबतीनें झोपलेल्या माणसास तो बंद पडल्यानें जाग आली होती.

पुतण्यास उठविलें. त्यानें शेपटीच्या मुळाशीं खालच्या बाजूस बोट ठेवून नाडी पाहिली. ती जलद होती. शेण पातळ, आंबूस वासाचें. मग यजमान खालीं बसले, आणि पुढच्या खुरावर त्यांनीं तळहात ठेवला. रेसकोर्साच्या कडेला शेंकडों वेळां पाहिलेली तीच बैठक, तोच हात. "गरम हाये," ते म्हणाले. बैलानें तेवढ्यांत अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला.

मग चिरंजीवांनीं सांगितलें. तीन दिवस ते लपवून उकडलेले गहूं आणि गूळ चारीत होते. उजवा बैल शेवटच्या टप्प्यांत मागें पडतो असें त्यांना वाटत होतें. वडील रागावले नाहींत. रागावले असते तर बरें झालें असतें, असें त्या मुलाच्या मुद्रेवरून दिसलें. पुतण्यानें तालुक्याच्या पशुवैद्यांस दूरध्वनि केला. त्यांनीं सांगितल्याप्रमाणें खाण्याचा सोडा पाण्यांतून पाजला, धान्य काढून घेऊन पुढ्यांत नुसतें तणीस टाकलें, आणि खुरांखालीं गार चिखल केला.

सकाळीं खरा प्रश्न उभा राहिला. मऊ मातीवर बैल जवळजवळ नीट चालत होता. पटावर दौडीपूर्वीं पशुवैद्यांची तपासणी होते खरी, परंतु घाईगर्दींत एवढीशी ऊब सुटूंही शकली असती, आणि धावण्याच्या भरांत बैल धावलाही असता. चिरंजीवांनीं हें बोलून दाखविलें. एका शेजाऱ्यानें दुजोरा दिला. आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर नातीच्या लग्नाची गोष्ट ठाऊक असल्यामुळें आम्हीही गप्प राहिलों. यजमानांनीं जुवाकडे पाहिलें, तें उचलून पुन्हां आढ्याला टांगलें, आणि म्हणाले, "तुमी पाहून या पट. आमी इथंच बसतो."

तेव्हां पट आम्हीं पाहिला तो परक्याच्या जोड्यांचा. कापणी झालेल्या माळावर दोन समांतर वाटा, त्यांवरून दोन जोड्या एकदम सुटतात. मागें हलकी छकडी, तिच्यावर एकच धुरकरी. आरोळी उठते, धूळ उठते, आणि काय झालें तें समजेपर्यंत जोड्या पल्याड गेलेल्या असतात. चोहोंकडे भज्यांचीं आणि चणा-पोह्यांचीं दुकानें, लेंकीबाळी माहेरीं आलेल्या, आणि रात्रीं वडशाकडील मंडळीचें झाडीपट्टीचें नाटक. अशा नाटकासाठीं आणि पटासाठीं येथील लोक सोयरीकीचीं बोलणींही त्याच दिवसांवर ठेवतात.

या खेळानें मध्यंतरीं पुष्कळ सोसलें. सन २०११ मध्यें केंद्र सरकारनें बैलाच्या खेळांस मनाई केली. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींवर बंदी घातली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त केला, पण तोही न्यायालयांत अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा उचलून धरला. मधल्या २०२२ सालीं लम्पी रोगाच्या सांथीनें गुरांचे बाजारच थांबविले. आज नियम असा आहे, कीं धाव हजार मीटरांहून अधिक नसावी, काठी-चाबूक लागूं नये, आणि बैल तपासल्याशिवाय सोडूं नये. पराणीची आर बैलाच्या पुठ्ठ्यांत रुतलेली आम्हीं लहानपणीं पाहिली आहे, म्हणून बंदी मागणाऱ्यांस आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं. परंतु बंदीच्या वर्षांत धावणाऱ्या जोड्या ज्यांनीं तोट्यांत जपल्या त्यांपैकीं आमचे यजमान एक. त्यांनाही बैलाचा वैरी म्हणवत नाहीं. आमचें मत या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी घुटमळतें, आणि तें तेथेंच राहूं द्यावें असें वाटतें.

बालाघाटचे गृहस्थ आले होते. त्यांनीं दुसरीच एक जोडी पसंत केली आणि तेथल्या तेथें बयाणा दिला. ही बातमी घरीं कशी सांगावी याचा विचार करीत आम्ही परतलों, तों ती आमच्या आधींच पोंचली होती. सूनबाईंनीं पानें वाढलीं. जेवतांना लग्नाचा विषय निघाला नाहीं. नात मात्र दोनदां उठून कोठ्यांत डोकावून आली.

तिसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं पहांटे आम्ही नदीवर गेलों. धुकें दाट होतें, पैलतीर दिसत नव्हतें. उजवा बैल घोट्याएवढ्या गार पाण्यांत उभा होता आणि चिरंजीव त्याचा कासरा धरून त्याच पाण्यांत थंडीनें कुडकुडत उभे होते. रात्रीपासून दर दोन तासांनीं ते त्याला येथें आणीत होते, असें कळलें. यजमान काठावर बसले होते. आम्हांस पाहून त्यांनीं ओठांवर बोट ठेवलें. पाण्याच्या आवाजांतून थोड्या वेळानें आम्हांसही तें ऐकूं आलें. बैलाचा जबडा हलूं लागला होता.