कंप, हात आणि कान

कारखान्यातील बहिरेपणाचा विषय निघाला की आम्हां कर्णतज्ज्ञांच्या तोंडी प्रथम येतो तो गोंगाट, आणि ते अस्वाभाविकही नाही. कारण बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली मोडेना येथे कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करताना व्हेनिसच्या तांबटांविषयी जे लिहून ठेवले, की अहोरात्र चाललेल्या ठोकाठोकीने या लोकांचे कान मंदावतात आणि उतारवयात ते पार बहिरे होतात, ते पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना कोणी नव्याने सांगायला नको. पुढे १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले आणि हा बहिरेपणा धंद्याचाच आहे याविषयी संशयाला जागा ठेवली नाही. परंतु बॉयलरच्या पोटात शिरून, बाहेरून घातल्या जाणाऱ्या घणाच्या घावांना आतून आधार देणारा जो इसम असे, त्याच्या कानापर्यंत जे पोहोचत होते त्यातले हवेतून आलेले किती आणि हातापायांतून, हाडांतून आलेले किती, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. आणि माझ्या मते आजही तो पुरेशा आस्थेने विचारला जात नाही.

अंतर्कर्ण हे इंद्रिय शंखास्थीच्या गाभ्यात, म्हणजे शरीरातील सर्वांत कठीण हाडात, दडलेले आहे. तेथील कर्णावर्त नावाची, सुमारे पावणेतीन वेढे घेतलेली नलिका उलगडून सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरते; तिच्यात साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या आणि बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या केशपेशी ओळीने मांडलेल्या असतात, आणि त्यांतील जी एकदा मेली ती मनुष्यप्राण्यात पुन्हा उगवत नाही. या यंत्रणेची सूक्ष्मता अशी की, ऐकू येईल न येईल अशा क्षीण ध्वनीने कानाचा पडदा जेवढा हलतो ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी असते. इतक्या अल्प हालचालीची दखल घेणारे इंद्रिय ज्या शरीरात आहे ते शरीर दिवसाचे आठ तास हादरत ठेवले तर त्याचा परिणाम केवळ मनगटावर आणि कमरेवर होऊन थांबेल, असे मानणे मला तरी जमत नाही.

हाडांतून ध्वनी कानापर्यंत पोहोचतो याचा प्रत्यय आम्ही रोज घेतो. कानामागच्या हाडावर नादकाटा टेकवला की बाह्यकर्ण बंद असलेल्या रुग्णालाही त्याचा नाद ऐकू येतो. कानामागचे हाड कोरण्याच्या शस्त्रक्रियेत फिरते छिद्रणयंत्र वापरावे लागते, आणि त्याचा कंप कवटीतून पलीकडच्या निरोगी कानालाही जाणवतो, म्हणून शल्यचिकित्सकाने हात किती वेळ टेकवून ठेवावा याचे भान राखणे हा आमच्याकडे शिरस्ताच आहे. तात्पर्य, कानात बोळा घातला म्हणजे काम झाले अशी जी कारखान्यांतून समजूत आढळते ती अर्धवट आहे. बोळा हवेची वाट अडवतो, हाडांची नव्हे. त्यातही आपल्याकडे प्रचलित असलेला साधा कापसाचा बोळा हवेची वाटही धडपणे अडवीत नाही, ही गोष्ट वेगळी!

तथापि येथे एक अडचण उभी राहते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जॅकहॅमर किंवा साखळी-करवत यांचा जलद कंप हातातून वर चढताना मनगट आणि कोपर यांतच बहुतांशी विरून जातो. कवटीपर्यंत पोहोचणारा अंश अत्यल्प. मग हाताच्या कंपाने कान बिघडतो कसा? याचे उत्तर शोधण्याची दिशा फिनलंडच्या जंगलतोड्यांनी दाखवली. सुओमुस्साल्मी भागातील या कामगारांचा पाठपुरावा करणाऱ्या इल्मारी प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली असे मांडले की, वय समान आणि करवतीच्या आवाजाचा संपर्कही समान धरला तरी, ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडत त्यांची श्रवणशक्ती ४००० हर्ट्झपाशी इतरांहून सुमारे १० डेसिबलने कमी भरली. बोटे पांढरी पडण्याचा हा विकार अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ सालीच अमेरिकेतील बेडफर्डच्या चुनखडी खाणींत, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे धरणाऱ्या पाथरवटांत पाहिला होता. पण बोटाचा आणि कानाचा संबंध असावा ही कल्पना तेव्हा कोणाच्या ध्यानी येण्याजोगी नव्हती. संबंध असा सांगतात, की कंपाने चेतवलेली अनुकंपी मज्जासंस्था बोटांतील रक्तवाहिन्या आवळते, तशाच अंतर्कर्णाच्याही आवळते. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी रोहिणी एकटी आहे. तिला पर्यायी वाट नाही, एकाच कालव्यावर भिजणाऱ्या शेतासारखी ही स्थिती आहे, आणि वर गोंगाटाने केशपेशींची प्राणवायूची गरज नेमकी त्याच वेळी वाढलेली असते. हा खुलासा अजून अनुमानाच्या कोटीतला आहे, सिद्धांताच्या नव्हे. परंतु कंप आणि ध्वनी एकत्र दिले असता श्रवणाची हानी ध्वनीने एकट्याने होते त्याहून अधिक होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

आपल्या देशाच्या दृष्टीने या प्रकरणात एक बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. बोट पांढरे पडायला थंडी लागते; उष्ण प्रदेशांतील कामगारांत तो विकार पुष्कळच कमी आढळतो, आणि त्याऐवजी बधिरता व मुंग्या यांची तक्रार असते. फिनलंडच्या वैद्याला बोटच साक्ष देते. विदर्भातल्या खाणीवर छिद्रणयंत्र धरणाऱ्याचे बोट तशी साक्ष देणार नाही, म्हणून त्याचा कान निर्दोष ठरवून मोकळे होणे हे न्यायाचे नव्हे. हाताला मुंग्या येतात का, पहाटे बोटे बधिर असतात का, हे प्रश्न कर्णतज्ज्ञानेच विचारले पाहिजेत.

अंतर्कर्णाचे दुसरे अंग तोलाचे. तेथे चुन्याचे सूक्ष्म स्फटिक एका पटलावर बसलेले असतात आणि ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की कुशीवर वळताच घर फिरू लागते. वरच्या जबड्याच्या हाडात हातोडीने छिद्र पाडल्यानंतर अशी भोवळ आल्याची उदाहरणे दंतवैद्यांनी नोंदवली आहेत. मौज अशी, की कर्णतज्ज्ञ एप्ली यांनी १९९२ साली याच भोवळीवरची जी शिरःसंचालनाची युक्ती प्रसिद्ध केली तिच्यात ते स्फटिक सैल व्हावेत म्हणून कानामागच्या हाडाला मुद्दाम कंप देण्याची तजवीज होती. पुढे तो कंप फारसा आवश्यक नाही असे ठरले. ट्रॅक्टर आणि डंपर यांच्या चालकांना मात्र मंद गतीचा, सर्वांगाचा कंप बसतो, आणि बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या कंपाला सर्वाधिक प्रतिसाद देते. अशा चालकाने तोल जातो म्हणून सांगितले की ते वयावर किंवा पित्तावर ढकलले जाते.

कायद्याकडे पाहिले तर कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ध्वनिजन्य श्रवणदोषाला सूचनीय रोगाचे स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०१० च्या यादीत कंपजन्य रोगांची बाब स्वतंत्र आहे, पण तिच्यात स्नायू, स्नायुबंध, हाडे, सांधे, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू एवढ्यांचाच उल्लेख आहे. कान ध्वनीच्या कलमात, हात कंपाच्या कलमात, अशी वाटणी झालेली. ज्याचे दोन्ही बिघडले त्याची कैफियत कोणत्या दफ्तरी दाखल करावी?

गोंगाट हाच प्रमुख अपराधी आहे, याविषयी माझा वाद नाही. परंतु कारखान्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, श्रवणचाचणीच्या कागदावर आवाजाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढावा, त्यात हा माणूस कोणते हत्यार धरतो अथवा कोणत्या आसनावर बसतो, किती वर्षे आणि दिवसाचे किती तास, आणि त्याच्या बोटांना काय होते, एवढे लिहून घ्यावे, आणि कागद आमच्याकडे धाडताना तो रकाना कोरा सोडू नये.