मोतीचे केस

मुलांनो, कुत्रा किंवा मांजर जवळ आले की तुमच्यापैकी कुणाला शिंका येतात का? माझ्या भाच्याला, समीरला येतात. त्याला लहानपणापासून दमा आहे. तरीही त्याला कुत्राच पाळायचा होता. दोन वर्षे त्याने आईचा पिच्छा पुरवला.

शेवटी आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने ओंजळीत मावेल एवढे तपकिरी पिल्लू समीरच्या हातात ठेवले. "हा कॉकापू. आई कॉकर स्पॅनियल, बाप पूडल. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून याचेही गळणार नाहीत. दम्याच्या मुलाला काही त्रास नाही!" आम्ही विश्वास ठेवला आणि भरपूर पैसे मोजले. पिल्लाने बापाचेच केस घेतले हे कशावरून, असे मी तेव्हाच विचारायला हवे होते.

पिल्लाचे नाव मोती ठेवले. काही महिन्यांत त्याचे केस वाढले. ते कॉकरसारखे लाटदार होते आणि सतरंजीभर गळत होते. त्याची बहीण शेजारच्या गल्लीत गेली होती. ती मात्र कोकरासारखी कुरळी! तुमच्या घरातही एका भावाचे नाक अब्बांसारखे आणि दुसऱ्याचे अम्मीसारखे असेल. तसेच हे. पिल्लू निम्मी जनुके आईकडून घेते, निम्मी बापाकडून. पण कोणती निम्मी, हे आधी सांगता येत नाही.

एका रात्री समीरला श्वास घेता येईना. आम्ही त्याला रिक्षातून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "दोष केवळ केसांचा नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिने असतात. त्यांचाच त्रास होतो. केस कमी गळोत की जास्त, ती प्रत्येक कुत्र्यात असतात."

नंतर मी वॉली कॉनरन यांची हकिकत वाचली. ते ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत होते. हवाई बेटांवरील एका अंध बाईला कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांचा त्रास होई. म्हणून १९८९ साली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला तपासायला पाठवली. तिघांपैकी एकच पिल्लू त्या पतीला चालले! पुढे मिश्र जातीची पिल्ले सांभाळायला कुणी तयार होईना, तेव्हा कॉनरन यांनी त्यांना 'लॅब्राडूडल' हे नवे नाव दिले. मग मागणीच मागणी. नंतर मात्र त्यांनी या कामाबद्दल जाहीरपणे पस्तावा व्यक्त केला.

मोती आता माझ्याकडे असतो. कॉकरसारखे त्याचे लांब कान वरचेवर दुखतात; मी ते दर आठवड्याला पुसतो. रविवारी समीर येतो, अंगणाच्या फाटकाबाहेर उभा राहतो आणि चेंडू आत फेकतो. मोती तो चेंडू तोंडात धरून फाटकापर्यंत येतो आणि शेपूट हलवत समीरकडे बघत राहतो.