पांदीतल्या भेटीगाठी

दिवाळी झाली की मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी जाते आणि सकाळची भाकरी खाऊन रोज पायी निघते. गावंदरीच्या पुढे पांद लागते. दोन्ही अंगांना बाभळी, पलीकडे पोटरीला आलेला शाळू आणि शेवटी उघडा माळ. सह्याद्री ओलांडून इथवर येईतो पावसाचा जोर ओसरलेला असतो, म्हणून इथली पुष्कळ घरं पिकापेक्षा जनावरांच्या जिवावर चालतात. ही वाट मुळात गुराढोरांचीच. मी तिच्यावरून चालते ती त्यांना भेटायला.

पहिली गाठ पडते बांधावर बांधलेल्या खिलार खोंडाची. अंग पांढरं-करडं, पाय सडसडीत, शिंगं मागे झुकून वर निघालेली. आटपाडीजवळच्या खरसुंडीला या जातीचा मोठा बाजार भरतो. आमच्याकडे पोळ्याऐवजी आषाढात बेंदूर असतो आणि त्या दिवशी अशा बैलांचा थाट बघत राहावा. खिलार मोठा तिखट. नवखं माणूस दिसलं की कान टवकारतो, नाकपुड्या फुगवतो. मी हात पुढे करत नाही, बोलतही नाही, जागच्या जागी उभी राहते. मग तोच मान लांबवून ओढणी हुंगतो. त्याचा ऊन श्वास मनगटाला लागतो आणि मला सकाळ सार्थकी लागल्यासारखी वाटते.

ओढ्याच्या डोहात पंढरपुरी म्हशी बसलेल्या असतात. त्यांची शिंगं खांद्यामागे पार पाठीपर्यंत गेलेली. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे उन्हात त्यांना पाणी नाहीतर चिखल लागतोच. काठावर गायबगळे त्यांच्या उठण्याची वाट बघतात, कारण म्हैस चालली की गवतातले किडे उडतात.

पण माझा जीव गुंततो तो मेंढरांत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे चाऱ्यासाठी बाहेर पडतात. घोड्याच्या पाठीवर संसार, मागे कुत्री, मेंढरांचा लोंढा. रात्री कळप एखाद्याच्या रानात बसतो, शेताला लेंडीखत मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो.

एकदा दिवेलागणीला मी अशा वाड्याशी थांबले. कळप चरून परतत होता आणि वाघरीत कोंडलेली कोकरं एकसारखी ओरडत होती. मी पुढे सरकले तशी एक मावशी म्हणाली, “ताई, कडंला हुबं ऱ्हावा. मधी शिरला तर बुजत्याल.” तिने वाघर उचलली आणि सगळी कोकरं एकदम सुटली. एक मेंढी आचळाशी आलेल्या कोकराची शेपटी हुंगायची, परकं निघालं की पाय झाडून हाकलायची. तिचं स्वतःचं कोकरू आल्यावर मात्र ती खांबासारखी स्थिर झाली. ते गुडघे टेकून दूध प्यायला लागलं, शेपूट थरथरत होती. थोड्याच वेळात कालवा थांबला. ज्याची आई त्याला मिळाली होती.

दख्खनी मेंढीला बहुधा एकाच वेळी एक कोकरू होतं. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मावशीच्या कळपात अशी एक मेंढी होती. दोन्ही बाजूंनी दोन कोकरं लागली होती आणि मावशी कौतुकाने म्हणाली, “दोघास्नी पुरवती बगा.”

हे सगळं दिसतं ते पांद मोकळी आहे म्हणून. आता कुठे बांध सरकवून पांद अरुंद होते, कुठे माळाला तारेचं कुंपण पडतं. अशाने मेंढरं डांबरी रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. माझ्यासारख्या चालणाऱ्यांना या वाटांनी भरभरून दिलं आहे. तेव्हा ग्रामसभेत पांदींचा विषय निघाला की आपण जाऊन बसावं, बोलावं आणि पांद नकाशात आहे तेवढ्या रुंदीची मोकळी करून मागावी.