गिळलेली लिपी

सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले चेरापुंजी. आम्ही तेथे पाऊस पाहावयास गेलो आणि एका लोककथेत अडकलो. महापुरातून पोहताना मैदानी माणसाने आपली अक्षरे शेंडीत बांधली. खासी माणसाने ती तोंडात धरली आणि लाटांशी झुंजताना गिळून टाकली.

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण शिलालेखापासून, हस्तलिखितापासून आरंभ करतो. येथे अक्षरे हरवलेली नाहीत, पोटात गेली आहेत! मौखिकतेवरील आमच्या जाडजूड टिपणांपेक्षा ही कल्पना आम्हांस अधिक नेमकी वाटते.

मौफलांगच्या देवराईतून वाळके पानही बाहेर न्यावयाचे नाही. हा दंडक सह्याद्रीतल्या देवरायांमुळे आपल्याला ओळखीचा; तोही कोठे लिहिलेला नसतो.

१८४१ साली वेल्श मिशनरी टॉमस जोन्स सोहऱ्यास आले आणि त्यांनी खासी रोमन लिपीत उतरवली. तत्पूर्वी बंगाली लिपीचा प्रयोग झाला होता; तो टिकला नाही. रोमन वर्णलेखनाला वळण मात्र वेल्शचे लाभले. धर्मप्रसारासाठी आलेल्या याच अक्षरांत पुढे सोसो थाम (१८७३–१९४०) या कवीने आपल्या पूर्वजांचे, मिशनऱ्यांच्या आधीचे दिवस गायिले.