पाच वाजता मावळणारा सूर्य

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जळगावचा सूर्य सहाला सात-आठ मिनिटे कमी असताना मावळतो. दाणाबाजारातील चौविहार पाळणारी मंडळी त्या हिशेबाने पेढी आवरती घेतात आणि सव्वापाचला पानावर बसतात. अंदमानात त्याच दिवशी, त्याच भारतीय प्रमाणवेळेनुसार, सूर्य पाचलाच समुद्रात उतरलेला असतो. जळगाव साडेपंचाहत्तर रेखांशावर, अंदमान सुमारे त्र्याण्णववर. मधल्या सतरा अंशांची, अंशाला चार मिनिटे या दराने, अडुसष्ट मिनिटे होतात. बेट विषुववृत्ताला जवळ, त्यामुळे तेथील हिवाळी दिवस थोडा मोठा. म्हणून प्रत्यक्ष तफावत पाऊण तासाहून थोडी अधिक भरते. रात्रीचे जेवण साडेसातला मांडणाऱ्या उपाहारगृहाला या तफावतीशी कर्तव्य नसते. चौविहार करणाऱ्या गृहिणीला मात्र असते.

जळगावात डाळमिल चालविणारा थोरला भाऊ आणि धुळ्यात धान्याची घाऊक पेढी असलेला धाकटा, असे दोघे सहकुटुंब स्वराज द्वीपाला निघाले तेव्हा हा हिशेब फक्त थोरल्या भाभीसांनी मांडला होता. एक डबा खाखरे, दोन डबे ठेपले, मुगाची डाळ, कोरडी चटणी आणि सुंठीची पुडी, अशी त्यांची तरतूद होती. बाकीच्यांचे लक्ष वेगळ्याच चिंतेकडे होते. वाटणीच्या वेळी धुळ्यातील एका गोदामावरून दोघा भावांत जे तुटले, त्याला बारा वर्षे झाली होती. लग्नकार्यात दोघे एका मांडवात दिसत, परंतु बोलणे मुलांमार्फत होई. सहलीचा घाट दोन्ही घरांच्या सुनांनी घातला होता. पुरुषांना जे बारा वर्षांत सुचत नाही, ते सुनांना एका दुपारी सुचते.

स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकविला तो ३० डिसेंबर १९४३ रोजी. त्याला पंचाहत्तर वर्षे झाली, त्या दिवशी २०१८ मध्ये हे नाव बदलले. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दीड-दोन तासांचे अंतर. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर. आणि किनाऱ्यांना मात्र क्रमांक. राधानगरचा सातवा किनारा २००४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम ठरविल्यापासून तेथे गर्दी असते. हे कुटुंब उतरले ते विजयनगरच्या पाचव्या किनाऱ्यावर. ओहोटीला तेथील पाणी इतके मागे सरते, की पोहण्याच्या आशेने आलेला प्रवासी हिरमुसतो.

उतरण्याची जागा म्हणजे खांबांवर उभ्या केलेल्या बांबूच्या झोपड्या, वर पानांचे शाकारलेले छप्पर, आत मच्छरदाणी लावलेली खाट आणि दाराशी पाय धुण्यासाठी पाण्याचा माठ. दूरदर्शन संच नाही. बेटावरची वीज डिझेलवर तयार होते आणि अधूनमधून जाते. तेव्हा कंदील येतो. चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली तार २०२० च्या ऑगस्टमध्ये या बेटापर्यंत पोहोचली असली, तरी झोपडीत मोबाईल लागत नव्हता. थोरल्या भावाने पहिल्या सकाळी तुरीचा भाव पाहण्यासाठी वाळूतून चार फेऱ्या मारल्या. एवढे पैसे मोजून कुडाच्या घरात राहायचे, हे त्याच्या खतावणीत कोणत्याच खात्यावर बसत नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी अशी घरे त्याने आयुष्यभर पाहिली होती, आणि त्यांत राहणारे लोक पक्क्या घरासाठी धडपडतानाही पाहिले होते. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

परंतु किनाऱ्यावर पाण्याकडे झुकलेली झाडे पाहून तो थबकला. स्थानिक लोक त्यांना समुद्री मोहा म्हणतात. झाड खानदेशातल्या मोहाचे नव्हे, पण त्याच कुळातले. चिकूही त्याच कुळातला. झाडाखाली तो बराच वेळ बसला.

स्वयंपाकघराचा प्रश्न पहिल्याच दुपारी सुटला. बटाटा, कांदा, लसूण, आले नको, हे ऐकून बंगाली आचारी आधी गोंधळला. भाभीसांनी त्याला कच्ची केळी, पपई आणि दुधी दाखविले, नारळ दाखविला, आणि कढई वेगळी मागून घेतली. साडेतीनला चूल पेटायची, चारला पान. बाकीचे पाहुणे तेव्हा ओल्या टॉवेलांनिशी चहा मागत असत. तिसऱ्या दिवशी आचाऱ्याने नारळ घातलेली मुगाची डाळ स्वतःहून केली आणि भाभीसांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

आठ वर्षांच्या नातवाने ओहोटीत एक सुरेख शंख उचलून आणला व टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने शंख चालू लागला. आत खेकडा राहत होता. आजीने त्याला तसाच परत पाठविले, जिथून उचलला त्याच खडकापाशी ठेवून ये म्हणून. प्रवाळ उचलणे तर वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात. आजीला त्या कायद्याची गरज पडली नाही.

थोरल्या आणि धाकट्याच्या झोपड्यांमध्ये बांबूची एकच चटई होती. पाचला सूर्य, सहाला मिट्ट काळोख आणि आठला निजानीज. पहिल्या रात्री धाकट्याने थोरल्याचा खोकला ऐकला. धुळ्याच्या जुन्या वाड्यात दोघे एकाच खोलीत निजत तेव्हापासूनचा तो खोकला. आधी दोन छोटे ठसके, मग एक लांब. आता लांब ठसके तीन येत होते, आणि रात्रीतून चार वेळा खाट करकरत होती. हे त्याला बारा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. रात्री काही देता येणार नव्हते. घोटभर पाणीसुद्धा नाही. तो जागाच राहिला.

सूर्योदय साडेपाचनंतर पाच मिनिटांनी झाला. त्यापुढे अठ्ठेचाळीस मिनिटे मोजून, सहा तेवीसला, तो तांब्या घेऊन शेजारच्या पायरीवर उभा राहिला.

“भाईसाब, गरम पाणी. सुंठ घातली आहे.”

थोरल्याने भांडे घेतले. दोन घोट झाले. मग समुद्राकडे पाहत त्याने विचारले, “तुझी तूर काय भावाने गेली?”

त्या प्रश्नाचे उत्तर अर्धा तास चालले. तूर, आवक, हमाली, मग धाकट्याच्या मुलीचे स्थळ, मग खोकल्याचा डॉक्टर. गोदामाचा विषय निघाला नाही. पुढच्या तीन सकाळीही निघाला नाही. सुना आतून कान देऊन होत्या, आणि त्यांना नाश्त्याची कोणतीच घाई नव्हती.

परतल्यावर भाभीसा आठवडाभर चारलाच स्वयंपाकाला लागत होत्या. खोकल्याची तपासणी धुळ्याच्या डॉक्टरांकडे झाली. धाकटाच घेऊन गेला. आता रोज सकाळी सातला धुळ्याहून तुरीच्या भावाचा फोन येतो. गोदामाचा दावा न्यायालयात आहे तसाच आहे; पुढची तारीख मार्चमधली आहे, आणि त्या दिवशी दोघे एकाच गाडीने जाणार आहेत.